मावशीच्या पासपोर्टातली चिप आणि गुरुजींनी लावलेली १ जून

मावशीचा नवा पासपोर्ट स्पीड पोस्टानं आला, तेव्हा तिनं तो आधी फॉइलमध्ये गुंडाळला. डब्यात पोळ्या बांधायची तीच फॉइल. मग साड्यांच्या घडीखाली सरकवला आणि मला फोन लावला. महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की, नव्या पासपोर्टात चिप असते, रस्त्यानं जाणारा माणूस मोबाइल जवळ आणून सगळी माहिती ओढून घेतो आणि आपण कुठे आहोत हे सरकारला बसल्या जागी दिसतं. ‘तू कॉम्प्युटरातला ना? मग सांग, खरंय का हे?’

‘नाही’ म्हणून मी फोन ठेवू शकलो असतो. पण चिप आलीय हे खरं आहे. २०२५ मध्ये देशभर ई-पासपोर्ट द्यायला सुरुवात झाली. त्याआधी एप्रिल २०२४ पासून निवडक कार्यालयांत त्याची चाचणी चालू होती, आणि टप्प्याटप्प्यानं वाढलेल्या त्या यादीत आपलं नागपूर होतं, शेजारचा गोवाही होता. नव्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर खाली एक छोटी सोनेरी खूण दिसते, आयताच्या मधोमध गोल. ही खूण दिसली की समजायचं, आत चिप आहे. जगात हा प्रकार तसा जुना. मलेशियानं १९९८ मध्येच चिप घातली होती. भारताचा पहिला ई-पासपोर्ट जून २००८ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना दिला गेला. पण तो राजनैतिक पासपोर्ट होता. तुमच्याआमच्या निळ्या पुस्तिकेत चिप यायला पुढची सोळा-सतरा वर्षं गेली.

ही चिप करते काय, आणि काय करत नाही? खरी गोम दुसऱ्या भागात आहे.

आधी खिडकीवरची रांग

‘पासपोर्ट डिजिटल झाला’ असं आपण म्हणतो, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतो. अर्जाची रांग डिजिटल होणं ही एक गोष्ट, आणि खुद्द पुस्तिका डिजिटल होणं ही दुसरी.

रांगेची गोष्ट आधी झाली. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना जुने दिवस आठवत असतील. पहाटे जाऊन लावलेला नंबर, तीन प्रतींतले फॉर्म, गोंदानं चिकटवलेले फोटो, राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठी ओळखीतल्या कुणाच्या ओळखीचा कुणी शोधणं, आणि हे सगळं जमलंच नाही तर फाटकाबाहेर उभा असलेला एजंट. २००८ मध्ये सरकारनं पासपोर्ट सेवा प्रकल्पासाठी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसशी करार केला, २०१० मध्ये पहिली केंद्रं प्रायोगिक तत्त्वावर उघडली आणि दोनेक वर्षांत ती देशभर पसरली. आता फॉर्म घरून भरायचा, पैसे ऑनलाइन भरायचे, तारीख घ्यायची आणि ठरल्या वेळी केंद्रावर जायचं.

केंद्रात गेलेल्या प्रत्येकाला अ, ब, क असे तीन टप्पे भेटतात. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असतात, पण मावशी त्यांना अ-ब-कच म्हणते. ‘अ’वर कंपनीचा कर्मचारी कागद स्कॅन करतो, फोटो काढतो, बोटांचे ठसे घेतो. ‘ब’वर सरकारी अधिकारी कागदपत्रं तपासतो. ‘क’वर आणखी एक सरकारी अधिकारी, पासपोर्ट द्यायचा की नाही हे ठरवणारा. ही वाटणी मुद्दाम केलेली आहे. टंकन, स्कॅनिंग, एसीची हवा आणि टोकनचा फलक खासगी कंपनीकडे. होकार किंवा नकार मात्र सरकारकडेच. ‘माझा पासपोर्ट खासगी कंपनी देते’ असं कुणी म्हटलं, तर ते खरं नाही.

यातला पुढचा टप्पा पोस्टाचा. जानेवारी २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली, आणि पासपोर्टसाठी कुणालाही पन्नास किलोमीटरच्या पलीकडे जावं लागू नये असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. या कामामागचे एक प्रमुख अधिकारी म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे ज्ञानेश्वर मुळे. परराष्ट्र मंत्रालयात ते सचिव होते, आणि लोक त्यांना ‘पासपोर्टमॅन’ म्हणू लागले. सगळ्या सुधारणांत माझ्या मते ही सर्वांत मोठी, आणि तिच्यात तंत्रज्ञान फार थोडं आहे. पोस्ट ऑफिसची इमारत होती, तिथे एक कॅमेरा आणि एक संगणक आला, आणि खेड्यातल्या माणसाची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं तिकीट वाचलं.

छापील पानावर गणित आधीपासूनच आहे

चिपकडे जाण्याआधी तुमचा पासपोर्ट काढा. जुना असला तरी चालेल. फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी दिसतील, मध्ये मध्ये बाणाच्या टोकासारख्या खुणा असलेल्या. प्रत्येक ओळीत मोजून ४४ अक्षरं. यंत्रानं वाचायच्या या ओळी, म्हणून त्यांना यंत्रवाचनीय पट्टी म्हणतात. आपण नुसतं पट्टी म्हणू. ती कशी असावी हे इकाओ ठरवते. इकाओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची नागरी विमान वाहतुकीची संघटना. तिच्याच नियमामुळे २४ नोव्हेंबर २०१५ नंतर हातानं लिहिलेले पासपोर्ट जगभर बाद झाले.

पट्टीच्या दुसऱ्या ओळीत तुमचा पासपोर्ट क्रमांक, मग देश, मग जन्मतारीख आहे. वर्षाचे शेवटचे दोन अंक, महिना, दिवस, आणि त्याला चिकटून एक जास्तीचा आकडा. हा आकडा कुठून आला? समजा जन्मतारीख १५ ऑगस्ट १९८५, म्हणजे पट्टीत ८५०८१५. आता या आकड्यांना क्रमानं ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ यांनी गुणा. ५६, १५, ०, ५६, ३, ५. बेरीज १३५. शेवटचा अंक ५. तोच जास्तीचा आकडा. आता कुणी ब्लेडनं खरवडून ८५ चं ८६ केलं, तर बेरीज १३८ होईल आणि शेवटी ८ यायला हवा. पट्टीत मात्र ५ आहे. यंत्र लगेच कुरकुरतं.

स्वतःच्या जन्मतारखेवर करून बघा. मी घरातल्या चारही पासपोर्टांवर केलं आणि चारही जुळले, तेव्हा उगाच बरं वाटलं.

पण हे कुलूप फार तकलादू आहे. गणित उघड आहे, आत्ता तुम्हालाही आलं. ज्याला ८५ चं ८६ करता येतं, त्याला ५ चा ८ पण करता येईल. हा आकडा यंत्राची वाचण्यातली चूक पकडण्यासाठी आहे. चोर पकडायला वेगळं काहीतरी हवं.

कागदावर किती भिस्त ठेवायची?

इतकी वर्षं चोर पकडायचं काम कागदानं केलं. खास कागद, खास शाई, जलचिन्ह, अतिनील प्रकाशात उमटणारी नक्षी. आपल्या पासपोर्टाच्या कोऱ्या पुस्तिका नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात तयार होतात. पुस्तिकाही नाशिकरोडची आणि मावशीही नाशिकरोडची, असा योग.

पण याच मुद्रणालयाच्या नावाभोवती महाराष्ट्रानं एक मोठा धडा घेतलेला आहे. अब्दुल करीम तेलगीनं बनावट मुद्रांकांचा कारखाना उभारला, तो तिथलीच बाद झालेली यंत्रं हाताशी धरून. कागद तसा, यंत्र तसं, छपाई तशी. मग समोरच्या कारकुनानं खरं-खोटं कशावरून ओळखायचं? कागदी सुरक्षेची ही मुळातली अडचण आहे. खरी वस्तू ज्या साधनांनी बनते, ती साधनं मिळाली की खोटी वस्तूही खरीच दिसते. आणि ओळखणारा असतो रात्री तीन वाजता विमानतळाच्या खिडकीत बसलेला, डोळे तांबारलेला माणूस.

ई-पासपोर्टानं इथेच वाट बदलली. पुस्तिका बनवायची सगळी यंत्रं कुणाच्या हाती लागली, तरीही खोटा पासपोर्ट तपासात टिकू नये, अशी रचना हवी होती.

चिप म्हणजे नक्की काय?

मेट्रोचं कार्ड तुम्ही फाटकावर टेकवता. बँकेचं कार्ड दुकानातल्या मशीनला नुसतं दाखवता आणि पैसे जातात. पासपोर्टाची चिप त्याच कुळातली. पुस्तिकेच्या जाड आवरणात नखापेक्षा लहान चिप आणि तिच्याभोवती तारेची बारीक गुंडाळी बसवलेली असते. गुंडाळी म्हणजे तिचा अँटेना.

चिपला बॅटरी नाही. वाचणारं यंत्र अगदी जवळ आलं, चार-सहा बोटांच्या अंतरावर, की त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे गुंडाळीत थोडीशी वीज तयार होते. तेवढ्या विजेवर चिप जागी होते, उत्तर देते आणि यंत्र दूर गेलं की पुन्हा झोपते. शाळेत तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवून काटा हलवला होता ना, तेच तत्त्व.

त्यामुळे ‘सरकारला आपण कुठे आहोत ते कळतं’ हा भाग सोडून द्या. स्वतःचं ठिकाण कळवायला उपग्रहाचा संदेश ऐकावा लागतो आणि मग कुठेतरी दूर संदेश पाठवावा लागतो. त्याला वीज लागते. साड्यांखाली झोपलेल्या चिपला ती कोण देणार? नोटबंदीच्या वेळी दोन हजारांच्या नोटेत जीपीएस चिप असल्याची बातमी आठवते? जमिनीखाली १२० मीटरवरूनही सापडेल म्हणत होते. तिचीच ही धाकटी बहीण.

चिपमध्ये असतं ते बहुतेक सगळं छापील पानावरचंच. नाव, जन्मतारीख, क्रमांक, मुदत, तुमचा चेहरा. शिवाय शरीराची ओळख सांगणारी माहिती. सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र वेगळीच: सही.

मर्यादेयं विराजते

डिजिटल सही म्हटलं की लोकांना वाटतं, सही स्कॅन करून चिकटवलेली असेल. तसं नाही, आणि ते समजायला साडेतीनशे वर्षं मागे जाऊ.

शिवकालीन पत्र पाहिलंत, तर वर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ची अष्टकोनी राजमुद्रा दिसते. आणि खाली, मजकूर जिथे संपतो तिथे, आणखी एक लहान शिक्का असतो: ‘मर्यादेयं विराजते’. लेखनाची मर्यादा इथे संपली. वरची मुद्रा सांगते हे पत्र कुणाचं. खालची मोर्तब सांगते की, यापुढे कुणी ओळ वाढवली असेल तर ती आमची नव्हे. पत्र कुणाचं आहे आणि त्यात फेरफार झालाय का, हे दोन प्रश्न आपल्याकडे तेव्हाच वेगळे केलेले होते.

डिजिटल सही हीच दोन कामं एका फटक्यात करते. आधी तुमच्या सगळ्या माहितीचा, फोटोसकट, एका ठरावीक गणितानं अर्क काढतात, एक छोटी आकड्यांची माळ. या अर्काचा गुण असा की, मूळ मजकुरात एक अक्षर बदललं, फोटोतला एक ठिपका बदलला, तरी सगळीच्या सगळी माळ बदलते. मग सरकार आपल्या गुप्त किल्लीनं त्या अर्कावर शिक्कामोर्तब करतं आणि तो शिक्का चिपमध्ये ठेवतं.

तपासायचं कसं? त्या गुप्त किल्लीची एक जोडीदार किल्ली असते, आणि ती उघड असते. बँकेत आपण नमुना सही देऊन ठेवतो तसं प्रत्येक देश आपली उघड किल्ली इतर देशांना देऊन ठेवतो. त्यासाठी इकाओनं एक सामायिक साठा केलेला आहे. दुबईच्या किंवा फ्रँकफर्टच्या विमानतळावरचं यंत्र तुमच्या चिपमधल्या माहितीचा अर्क स्वतः काढतं आणि भारताच्या उघड किल्लीनं शिक्का ताडून बघतं. जुळला तर माहिती भारत सरकारनंच भरलीय आणि नंतर तिला कुणी हात लावलेला नाही.

बँकेच्या उदाहरणात एक खोट आहे, ती सांगितली पाहिजे. नमुना सही पाहून कसलेला माणूस ती गिरवू शकतो. उघड किल्ली पाहून गुप्त किल्ली मात्र काढता येत नाही, आजच्या संगणकांना तरी नाही. म्हणून तेलगीला उद्या मुद्रणालयाची सगळी यंत्रं मिळाली असती, तरी चिपवरचा शिक्का उठवता आला नसता. गुप्त किल्ली छपाईच्या यंत्रात नसते.

ज्यांनी डिजिटल सहीचा सातबारा काढलाय, त्यांनी हे तंत्र आधीच वापरलंय. तलाठ्याच्या शाईच्या सहीशिवाय सातबारा बँकेत चालतो हे पटायला गावाला वेळ लागला होता.

‘पण रस्त्यावरच्या माणसानं वाचली तर?’

मावशीच्या फॉइलचा हा खरा मुद्दा. चिप बिनतारी आहे, म्हणजे खिशातल्या खिशात कुणी वाचली तर?

याचा विचार करून चिपला दाराशी एक कडी घातलेली आहे. कुठलंही यंत्र समोर आलं की चिप आधी परवलीचा शब्द विचारते, आणि तो शब्द बनतो छापील पट्टीतल्या तीन गोष्टींपासून: पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, मुदत संपण्याची तारीख. म्हणून विमानतळावर अधिकारी आधी पासपोर्ट उघडून फोटोचं पान काचेवर ठेवतो. यंत्र पट्टी वाचतं, शब्द तयार करतं, मग चिप बोलते. बंद पुस्तिका पर्समध्ये असताना चिप शेजारच्याशी बोलत नाही. बोटांच्या ठशांसारख्या नाजूक माहितीसाठी तर याहून कडक कडी ठेवण्याची सोय या पद्धतीत आहे.

हुशार वाचक इथे विचारेल: माझ्या पासपोर्टाची झेरॉक्स ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे हे तिन्ही आकडे नाहीत का? आहेत. पुस्तिका त्याच्या चार बोटांवर आली, तर तो चिप उघडू शकेल. पण नाव, फोटो, तारीख हे सगळं त्याच्याकडे त्या झेरॉक्सवर आधीच आहे. म्हणजे भीती बाळगायची तर झेरॉक्सची बाळगा. हॉटेलच्या काउंटरवर, ट्रॅव्हल एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, सायबर कॅफेच्या डेस्कटॉपवर आपण पासपोर्टाच्या किती प्रती सोडून आलो आहोत, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

बाकी फॉइल रेडिओलहरी अडवते हे शास्त्र बरोबर आहे. गरज नाही इतकंच.

‘चिपचीच नक्कल केली तर?’

सगळा मजकूर शिक्क्यासकट दुसऱ्या चिपमध्ये उतरवला, तर शिक्का जुळेल, कारण मजकूर बदललेलाच नाही. पण त्या नकलेत चेहराही मूळ माणसाचाच राहील. तो बदलला की शिक्का मोडतो. म्हणजे चोराला मूळ मालकासारखं दिसावं लागेल. शिवाय नवीन चिपांमध्ये बाहेर कधीच न येणारं एक गुपित ठेवता येतं, आणि ते आपल्याकडे आहे हे चिप गणितानं सिद्ध करते. ते उतरवून घेता येत नाही.

‘जुना पासपोर्ट बाद झाला का?’

नाही. चिप नसलेला पासपोर्ट त्याची मुदत संपेपर्यंत चालतो. चिपसाठी म्हणून तो बदलून घ्यायची सक्ती नाही. आणि चिपसाठी खास शुल्क सांगून कुणी पैसे मागत असेल, तर तो तुमचा हितचिंतक नाही. साध्या अर्जाला ३६ पानांच्या पुस्तिकेचे १,५०० रुपये पडतात.

ई-पासपोर्टमुळे व्हिसा माफ होतो, हा आणखी एक गैरसमज. कुठल्या देशात व्हिसाशिवाय जाता येतं हे त्या देशाच्या धोरणावर किंवा दोन देशांमधल्या करारावर ठरतं. चिप तुमची ओळख पटवते, दार उघडायचं की नाही हे घरमालक ठरवतो.

चिप खोटं ओळखत नाही

आता मूळ मुद्दा. वरचं सगळं गणित एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: सरकारनं जे भरलं, ते नंतर बदललं का? भरलं तेच खोटं किंवा चुकीचं असेल, तर चिप त्याच्यावरही तितक्याच निष्ठेनं शिक्कामोर्तब करते.

आमच्या मावशीची जन्मतारीख १ जून आहे. तिच्या थोरल्या भावाचीही १ जून. शेजारच्या जोशीबुवांची १ जून. महाराष्ट्रात एका पिढीतली माणसं १ जूनला अशी घाऊक जन्माला आली, कारण शाळेत नाव घालायला गेलेल्या आजोबांना तारीख विचारली तर ते म्हणायचे, ‘पोरगी नागपंचमीच्या मागंपुढं झाली.’ गुरुजींनी हिशेब केला, वय बसतं का बघितलं आणि १ जून लिहून टाकली. तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली, तिथून पॅनवर, आधारवर, आणि आता ती एका चिपमध्ये अशा गणितानं बंद झालीय, जे फोडायला जगातले महासंगणक अपुरे पडावेत. सत्तर वर्षांपूर्वी एका गुरुजींनी अंदाजानं लिहिलेली तारीख फ्रँकफर्टचं यंत्र आता शंभर टक्के अस्सल म्हणून मान्य करणार.

मावशीच्या बाबतीत हा विनोद आहे. पण बनावट जन्मदाखला घेऊन आलेला माणूस ‘अ-ब-क’ पार करून गेला, तर त्यालाही हाच शिक्का मिळेल. म्हणून चिप जितकी बळकट होते, तितका सगळा भार अर्जाच्या टेबलावर येतो. डिजिलॉकरमधून कागद थेट मागवायची सोय त्यासाठीच महत्त्वाची आहे. झेरॉक्स अस्सल आहे का हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा, ज्यानं दाखला दिला त्याच्याच नोंदीतून तो आलेला बरा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, हा २०२५ चा नियमही त्याच वाटेचा. त्याआधी जन्मलेल्यांना शाळेचा दाखला, पॅन वगैरे पर्याय आहेतच. गुरुजींच्या १ जूनची सद्दी मात्र संपली.

आणि मग पोलीस पडताळणी. हल्ली काही ठिकाणी पोलीस टॅब घेऊन येतात आणि अहवाल तिथल्या तिथे भरतात. टपालात फाइल अडकायची ती वेळ वाचते. पण दारात येऊन ‘हा माणूस इथे राहतो का’ हे शेजाऱ्याला विचारणं अजून माणसाचंच काम आहे. टॅबनं ते जलद होतं, आपोआप प्रामाणिक होत नाही. चहापाण्याच्या विषयात मी शिरत नाही, तुम्हीही पासपोर्ट काढलेला असेलच.

नावाची भानगड

अर्ज अडतात कशावर, असं मला विचाराल तर माझं उत्तर चिप नाही, सर्व्हर नाही, नाव. आणि यात आपण मराठी माणसं जरा जास्तच अडकतो.

पासपोर्टाच्या फॉर्मला नावाचे दोन कप्पे माहीत आहेत: दिलेलं नाव आणि आडनाव. आपलं नाव तिपेडी. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. मधलं नाव पहिल्या कप्प्यात घालायचं की नाही? घातलं तर विमानाच्या तिकिटावरही तसंच हवं. नाही घातलं तर आधारशी जुळत नाही. भावानं घातलं आणि बहिणीनं नाही घातलं, अशी घरं मी पाहिली आहेत.

त्यात लग्न. मावशी माहेरची कुसुम. लग्नात ताटातल्या तांदळात काकांनी अंगठीनं ‘मंगला’ लिहिलं आणि त्या संध्याकाळपासून ती मंगला झाली. तांदळाचा पुढे पुलाव झाला, नोंद कुठेच राहिली नाही. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, रेशनकार्डावर मंगला, बँकेत मंगलाबाई. सासरच्यांना यात काही वावगं वाटलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं की दोघी एकच. यंत्राला ते माहीत नाही. त्याच्या लेखी त्या तीन बायका आहेत.

आणि शेवटी स्पेलिंग. चव्हाण हे नाव देवनागरीत एकाच रीतीनं लिहितात. रोमनमध्ये ‘व्ही’नंतर ‘एच’ आहे का नाही, हे त्या त्या कारकुनावर अवलंबून. माणूस दोन्ही वाचून ‘चव्हाण’च म्हणेल. अर्क काढणारं गणित म्हणेल, दोन वेगळे मजकूर. जुन्या रांगेत खिडकीतला कारकून ‘असू द्या, कळलं’ म्हणायचा. त्या ‘असू द्या’मध्ये लाचही लपायची आणि माणुसकीही. संगणकानं दोन्ही काढून टाकली.

हे प्रकरण परदेशात जाऊन कसं नडतं त्याचं एक उदाहरण बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं, पासपोर्टावर एकच शब्दाचं नाव असेल, म्हणजे आडनावाचा कप्पा रिकामा असेल, तर पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाही, असं जाहीर केलं. जातीची खूण नको म्हणून ज्यांनी आडनाव विचारपूर्वक टाकलं, अशी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांच्या निर्णयाला फॉर्ममध्ये कप्पाच नाही.

म्हणून अर्ज भरण्याआधी एक संध्याकाळ काढा. आधार, पॅन, शाळेचा दाखला आणि जुना पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवा, आणि नाव अक्षर अक्षर लावून बघा. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करा, मग तारीख घ्या. आणि फॉर्म भरताना संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’नं संपतोय ना, हेही बघा. हुबेहूब तशीच दिसणारी बनावट संकेतस्थळं जास्तीची फी घेऊन ‘अपॉइंटमेंट’ विकतात. फाटकाबाहेरचा एजंट गेला असं आपण म्हणतो; तो ऑनलाइन झाला. ज्याला मोबाइलवर फॉर्म भरता येत नाही, तो आजही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो, ओटीपी त्याला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि भरल्या फॉर्मचे पैसे देतो.

हे सगळं मावशीला फोनवर सांगायला मला पाऊण तास लागला. मध्ये दोनदा कुकरची शिट्टी झाली. शेवटी ती म्हणाली, ‘म्हणजे फॉइल काढू?’ काढ म्हटलं. मग थोडं थांबून तिनं विचारलं, ‘आणि ते चिपमध्ये माझं नाव कुठलं आहे रे, कुसुम का मंगला?’

मी म्हटलं, पान उघडून बघ. पट्टीतल्या पहिल्या ओळीत, आडनावानंतर दोन बाणांच्या पुढे.

तिनं चष्मा शोधला.